उपयोग झाला म्हणून

दुर्मीळ आजारांवरचं संशोधन ही श्रीमंत देशांची चैन आहे, असं मी कित्येक वर्षं मानत होते. नुसतं मानत नव्हते, वर्गात, समित्यांमध्ये, डबा खाताना बोलूनही दाखवत होते. माझं काम हाडांच्या आजारांचं. सरकारी रुग्णालयातली ओपीडी आणि जोडीला शिकवणं. समोर येणारी माणसं म्हणजे पोक आलेल्या, उंची खचलेल्या बायका, न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेल्या आज्या, दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेऊन मणके दबलेले पुरुष. खुबा मोडलेल्यांतल्या काही जणी वर्ष काढत नाहीत, काही उरलेलं आयुष्य खाटेवर काढतात. त्या गर्दीतून उठून सेमिनारला जावं आणि तिथे कुणी जगात शंभरही रुग्ण नसलेल्या आजाराच्या स्लाइड दाखवायला लागावं, की माझं डोकं फिरायचं. इथे ड जीवनसत्त्व पोचत नाही आणि हे जनुकं मोजत बसलेत.

तो राग अगदीच निराधार होता, असं मी आजही म्हणणार नाही. पण मत बदललं. एका दिवसात नाही, एखाद्या भाषणानं तर नाहीच. विंट नावाच्या प्रथिनांच्या गोष्टीनं ते हळूहळू, माझ्या मनाविरुद्ध बदललं.

मी शिकत होते तेव्हा हाड म्हणजे चुना आणि त्याची झीज, एवढंच चित्र होतं. हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, आणि हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, यांची नावं पाठ होती. पण बांधणाऱ्यांना कामाला लावतं कोण, हे कुणी विचारत नव्हतं. औषधंही पुढे बराच काळ तशीच होती. अलेंड्रोनेट आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पुढे वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनेट. दोन्हींचं काम खाणाऱ्या पेशींना आवरायचं. गेलेलं हाड परत बांधून देईल असं औषध नव्हतं. मध्यंतरी हाड बांधणारं टेरिपॅराटाइड आलं, पण ते रोज टोचून घ्यायचं आणि परवडणाऱ्यांनीच घ्यायचं. माझ्या रुग्णांपुरती तरी हाडाची घसरण फक्त थोपवता येते, उलटवता येत नाही, ही माझी समजूत पक्की होती.

२००१ साली 'सेल' या नियतकालिकात एक निबंध आला. विषय होता लहानपणीच अंध झालेली आणि हाडं काचेसारखी मोडणारी मुलं. ऑस्टिओपोरोसिस-स्यूडोग्लायोमा असं त्या आजाराचं अवघड नाव. मॅथ्यू वॉर्मन आणि जगभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या मुलांत एलआरपी-५ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. मी तो निबंध चाळला आणि बाजूला ठेवला. पण वाचताना शिकाऊ दिवसांतला एक मुलगा आठवला हे खरं. जन्मापासून दिसत नव्हतं, आणि नुसतं उचलून घेताना मांडीचं हाड मोडलं होतं. त्याचे केसपेपर दोन होते, एक डोळ्यांच्या विभागाचा, एक हाडांच्या. दोन्ही विभागांनी आपापलं काम केलं. हे एकाच जनुकाचं काम असू शकतं, हे एका कागदावर कुणी लिहिलं नाही, कारण तो एक कागदच नव्हता.

पुढच्याच वर्षी त्याच जनुकाची दुसरी बाजू पुढे आली. अमेरिकेत दोन कुटुंबं सापडली होती, त्यांतलं एक नेब्रास्कातलं. त्यातल्या एका तरुण मुलीचे मोटार अपघातानंतर एक्स-रे काढले, तर हाडं विलक्षण दाट निघाली. मग आई, मावशा, आजोळ तपासलं; अर्ध्या घराची हाडं तशीच. मोडतच नव्हती. दुसऱ्या कुटुंबावर येल विद्यापीठात काम झालं; तिथे जबडे रुंद आणि टाळूवर हाडाचा उंचवटा. दोन्ही घरांत एलआरपी-५ मध्ये एकाच अक्षराचा एकच बदल होता. असं हाड असलेल्या काहींची तक्रार एवढीच असते, की पाण्यात तरंगता येत नाही.

म्हणजे जनुक गेलं तर हाड काच, आणि जनुक बेलगाम झालं तर हाड पोलाद. माझ्या ओपीडीतल्या प्रत्येक बाईच्या हाडात हे जनुक कुठेतरी मध्ये काम करत होतं. तरीही मी म्हटलं, बरं, रंजक आहे. पुढे?

पुढे जे उलगडत गेलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण त्यानंच माझी मोडतोड केली. विंट हे एक प्रथिन नाही. माणसात त्याची १९ भावंडं आहेत. ती पेशीच्या पृष्ठभागावर दोन प्रकारच्या ग्राहकांना एकाच वेळी चिकटतात. एक फ्रिझल्ड, दुसरा एलआरपी-५ किंवा त्याचा भाऊ एलआरपी-६. एरवी पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन तयार होतं आणि लगेच नष्टही केलं जातं. विंट येऊन चिकटलं की नष्ट करणारी यंत्रणा थांबते, बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. मज्जेतल्या मूळ पेशीपुढे चरबीची पेशी व्हायचं की हाड बांधणारी, असे पर्याय असतात. हा संदेश मिळाला तर ती हाडाकडे वळते. शिवाय याच संदेशानं हाडाच्या पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन सोडतात आणि त्यानं खाणाऱ्या पेशींची निर्मिती मंदावते. म्हाताऱ्या बायकांच्या हाडात मज्जेच्या जागी चरबी दिसते, हे आम्ही स्लाइडवर वर्षानुवर्षं पाहत आलो होतो आणि 'वय' म्हणून सोडून देत होतो.

आणि मग या संदेशाला आवरणारा लगाम. नेदरलँड्समध्ये उर्क नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. १९३९ पर्यंत ते समुद्रातलं बेट होतं. नंतर बांध घालून जमिनीला जोडलं गेलं. बेटावरच्या बेटावर लग्नं होत होती. तिथल्या रुग्णांत फार जाड होत जाणारी हाडं व्हॅन बुखेम नावाच्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये नोंदवली. तिकडे दक्षिण आफ्रिकेत, डच पूर्वजांच्या आफ्रिकानर कुटुंबांत, स्क्लेरोस्टिओसिस नावाचा त्याहून दारुण प्रकार होता. बोटं जुळलेली, जबडा जडशीळ, हाडांच्या बोगद्यांत नसा चिरडून चेहरा लुळा आणि कान बहिरे. कवटी आतून जाड होत मेंदूवर दाब आणते आणि माणूस तरुणपणीच जातो. हर्मन हॅमर्स्मा हे कान-नाक-घशाचे सर्जन आणि केपटाउनचे पीटर बेटन हे आनुवंशिकीतज्ज्ञ या माणसांच्या मागे होते. साठेक रुग्णांचा त्यांनी जवळजवळ चार दशकं पाठपुरावा केला. हे दोन आजार सख्खे असावेत, असं बेटन यांनी १९८४ मध्येच सुचवलं होतं. २००१ मध्ये जनुक सापडलं. त्याचं नाव सॉस्ट, आणि त्यातून तयार होणारं प्रथिन स्क्लेरोस्टिन. आफ्रिकानर रुग्णांत ते जनुकच निकामी झालेलं. उर्कच्या लोकांत जनुक शाबूत, पण त्याच्या पलीकडचा, त्याला हाडात चालू करणारा डीएनएचा मोठा तुकडा गायब.

स्क्लेरोस्टिन कोण बनवतं? हाडात चिणल्या गेलेल्या पेशी, ऑस्टिओसाइट. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच असतात आणि आम्ही विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी एक ओळ शिकवायचो. या पेशींना हाडावरचा भार कळतो. भार पडला की त्या स्क्लेरोस्टिन कमी सोडतात, विंटला वाट मिळते, हाड बांधलं जातं. माणूस झोपून राहिला की स्क्लेरोस्टिन वाढतं, ते एलआरपी-५ला धरून बसतं आणि बांधकाम थांबतं. नेब्रास्कातल्या घराला झालेला तो एका अक्षराचा बदल म्हणजे हा लगाम नीट धरताच येऊ नये असा बदल. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजीला दुसऱ्या दिवशी उभं करा, हे आम्ही फुप्फुसं आणि रक्ताच्या गुठळ्या यांच्या भीतीनं सांगत होतो. हाडालाही तेच हवं असतं.

माझ्या मताला खरा तडा गेला तो आफ्रिकानर रुग्णांच्या आईवडिलांच्या मोजमापांनी. त्यांच्यात एकच प्रत बिघडलेली. चेहरा ठीक, ऐकू येतं, बोटं ठीक, कवटी ठीक. हाडं मात्र सामान्य माणसाहून दाट. म्हणजे लगाम पूर्ण काढला तर आजार, थोडा सैल केला तर नुसती मजबुती. औषध करायचं झालं तर किती अंतर हाताशी आहे, हे ती माणसं आपल्या शरीरानं सांगत होती. कोट्यवधी म्हाताऱ्यांच्या हाडांवरचं हे उत्तर आमच्या गर्दीतून कधी निघालं नसतं. गर्दीत प्रत्येकीचं हाड शंभर कारणांनी थोडंथोडं झिजतं. कुठलं कारण किती, हे वेगळं काढता येत नाही. मूठभर घरांत मात्र एकच गोष्ट बिघडलेली असते, आणि तिचं नाव विचारता येतं.

याच काळात मला दिल्लीची माशी भेटली. विंटचा उगम शोधत गेलं की एक टोक १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जातं. तिथे रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू कुठल्या जनुकाशेजारी जाऊन बसतो ते शोधत होते आणि त्यांना इंट-१ हे जनुक सापडलं. दुसरं टोक दिल्लीत, पुशाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत. तिथे आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये फळमाशीचा एक उत्परिवर्ती वाण नोंदवला, ज्यातल्या काही माश्यांना एक किंवा दोन्ही पंख नव्हते. १९७६ मध्ये त्यांनी व्ही. एल. चोप्रांबरोबर त्यावर सविस्तर लिहिलं. विंगलेस. १९८७ मध्ये कळलं, की उंदराचं इंट-१ आणि माशीचं विंगलेस एकच. दोन्हींतून विंट हे नाव १९९१ मध्ये ठरलं.

१९७३. महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ चालू होता, खडी फोडण्याची दुष्काळी कामं चालू होती, लोक मिलो ज्वारीचे दाणे खात होते. त्या वर्षी देशातल्या शेतीसंशोधनाच्या संस्थेत कुणीतरी पंख नसलेल्या माशीचं वर्णन लिहीत होतं. त्या प्रस्तावावर मी समितीत असते तर काय म्हणाले असते, हे मला नेमकं माहीत आहे. शब्दही तयार आहेत.

गोष्टीला आणखी एक वळण आहे. २०१३ मध्ये एका फिनिश कुटुंबात तरुणपणीच ठिसूळ झालेल्या हाडांचं कारण सापडलं: विंट-१. तेच ते, पहिलं, माशीच्या पंखाचं आणि उंदराच्या गाठीचं. एव्हाना मी थट्टा करायचं सोडलं होतं.

मग औषध आलं. रोमोसोझुमॅब हे स्क्लेरोस्टिनला पकडून बाजूला करणारं प्रतिपिंड, महिन्यातून एकदा टोचायचं, बारा महिने. २०१६ मध्ये सात हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत वर्षभरात मणक्याची नवी फ्रॅक्चर ७३ टक्क्यांनी घटली. पुढच्या वर्षी ४,०९३ स्त्रियांवर थेट अलेंड्रोनेटशी तुलना झाली. एका गटाला वर्षभर हे औषध आणि मग अलेंड्रोनेट, दुसऱ्या गटाला सुरुवातीपासून अलेंड्रोनेटच. पहिल्या गटात मणके ४८ टक्के कमी मोडले, खुबे ३८ टक्के कमी. बांधता येत नाही, फक्त थोपवता येतं, हे माझं जुनं सूत्र तिथे संपलं.

नव्यानं धर्म बदललेल्यासारखी मी काही काळ फारच उत्साहात होते, तेव्हा बाकीचंही लिहायला हवं. ७३ टक्के हा आकडा ऐकायला भरघोस आहे. प्रत्यक्षात हजार जणींत अठराऐवजी पाच. त्या चाचणीतल्या सगळ्याच बायकांचा धोका फार मोठा नव्हता. अलेंड्रोनेटशी झालेल्या तुलनेत पहिल्या वर्षी हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २.५ टक्के झाल्या, समोरच्या गटात १.९. अमेरिकेनं एप्रिल २०१९ मध्ये परवानगी दिली ती सर्वांत कडक इशारा छापूनच: वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या व्यक्तीला हे देऊ नये. आता माझ्या ओपीडीतल्या सत्तरीच्या बाया आठवा. मधुमेह, रक्तदाब, एखादीला स्टेंट. ज्यांची हाडं सर्वांत वाईट, त्यांच्यातल्या अनेकींना हे देताना हात थबकतो. आणि हाड बांधण्याचा जोर वर्षभरात ओसरतो; शरीर लगाम पुन्हा हातात घेतं. औषध थांबवून पुढे अलेंड्रोनेटसारखं काही दिलं नाही तर मिळवलेलं हाडही जातं. किमतीबद्दल बोलतच नाही.

विंटला सैल सोडणं सगळीकडे चांगलं असतं असंही नाही. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत याच संदेशाचा आतला अडसर, एपीसी, मोडलेला असतो. उलट मल्टिपल मायलोमात कर्करोगाच्या पेशी डीकेके-१ नावाचा दुसरा लगाम सोडतात आणि हाडाला भोकं पडतात, ती भरून येत नाहीत. एकच यंत्रणा, कुठे कमी, कुठे जास्त.

एक कबुली स्वभावाची आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या जेरार कार्सेंटी यांच्या गटानं एक वेगळीच मांडणी केली: एलआरपी-५ हाडात काम करतच नाही, ते आतड्यात सेरोटोनिन किती बनतं ते ठरवतं आणि ते सेरोटोनिन रक्तातून येऊन हाडाला थांबवतं. मला ती मांडणी अतिशय आवडली, वर्गात रंगवून शिकवली. २०११ मध्ये वॉर्मन यांच्या गटानं उंदरांत उलट दाखवलं: जनुक आतड्यात बदललं तर हाडाला काही होत नाही, हाडाच्या पेशींत बदललं तर होतं. आज क्षेत्रातला कल बहुतांशी त्याच बाजूला आहे. मला पहिली मांडणी का आवडली होती? पुरावा बळकट होता म्हणून नाही. आतड्यावर काम करणारी गोळी स्वस्तात बनेल, तालुक्याच्या दवाखान्यात मिळेल, असा माझा हिशेब होता. दुर्मीळ रुग्णांकडून आलेलं ज्ञान मी स्वीकारत होते, पण अजूनही गर्दीच्या सोयीनं निवडून.

आता दुर्मीळ या शब्दाबद्दल मी आपल्याकडेही जपून बोलते. हे आजार बहुतेक अप्रभावी वारशाचे. आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली की दिसतात. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न ही आपल्याकडे अनेक समाजांतली जुनी, मानाची रीत. उर्कला बेट लागलं; आपल्याला नात्यांची वीण पुरते. देशाचं दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं, पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत गेली, मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. पूर्वी मी या बातम्या वाचून नाक मुरडलं असतं. आता विद्यार्थ्यांना सांगते, मोडकं हाड आणि न दिसणारे डोळे एकाच मुलात दिसले तर केसपेपर एकच काढा.

हे सगळं विभागातल्या एका तरुण सहकारी मुलीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती बालरोग आणि आनुवंशिकी शिकलेली, आणि स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "मॅडम, औषध निघालं नसतं तर?"

मी म्हटलं, तर माझं मत बदललं नसतं.

"म्हणजे ती माणसं अजूनही तुम्हाला आपल्या पेशंटच्या उपयोगाचीच वाटतात." आवाज न चढवता तिनं एक गोष्ट लक्षात आणून दिली. स्क्लेरोस्टिन अडवून अब्जावधींचं औषध उभं राहिलं; ज्यांच्याकडे मुळात स्क्लेरोस्टिनच नाही, त्या आफ्रिकानर रुग्णांवर उपचार आजही कवटी कापून दाब कमी करणं, नसा मोकळ्या करणं हाच. औषध त्यांच्यामुळे निघालं, त्यांच्यासाठी नाही.

यावर मी बराच वाद घातला. संशोधनाचा पैसा शेवटी कुणाच्या तरी खिशातून येतो, सरकारी समितीला काहीतरी कारण द्यावंच लागतं, आणि कारण म्हणून 'यातून सगळ्यांचं भलं होऊ शकतं' हे चांगलंच आहे, वगैरे. यातलं मी काहीही मागे घेत नाही. खुबा मोडून आलेल्या आजीला साधं अलेंड्रोनेटही न लिहिता घरी पाठवलं जातं तिथे आधी लक्ष द्या, हेही मी म्हणतच राहणार. त्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहायला विंट कळावं लागत नाही. पण तिचा मुद्दा अजून तिथेच आहे. माझं मत बदललं ते उपयोग झाला म्हणून, आणि माशी, उर्क, नेब्रास्का यांपैकी कुठेही सुरुवातीला उपयोग दिसत नव्हता. त्यामुळे पुढच्या प्रस्तावाला 'हो' म्हणताना माझ्याकडे नेमका कुठला निकष आहे, हे मला सांगता येत नाही. सध्या मी 'हो' म्हणते. ती म्हणते, निकषाशिवायचा हा होकार तिला माझ्या जुन्या नकाराइतकाच लहरी वाटतो.